वारा साक्रीचा, घसारा शहराचा : पवनचक्क्यांच्या करसवलतीचे प्रकरण

सुरतेहून धुळ्याकडे येताना कोंडाईबारीचा घाट चढून वर आलात की साक्री तालुक्याचे माळ सुरू होतात आणि डोंगरांच्या कडांवर पवनचक्क्यांच्या रांगा दिसू लागतात. इकडे त्यांना सरळ 'पंखे' म्हणतात. ब्राह्मणवेल, छडवेल, निजामपूर या पट्ट्यात मिळून पाचशे मेगावॉटहून जास्त क्षमता उभी राहिली. वारा इथे पूर्वापार आहे. २००० नंतरच्या दशकात जो फरक पडला तो आयकर नियमांच्या परिशिष्टातल्या एका ओळीने: पवनचक्कीवर पहिल्याच वर्षी ८० टक्के घसारा, म्हणजे यंत्राच्या झिजेपोटी करपात्र नफ्यातून वजा होणारी रक्कम. २००२ पर्यंत तो १०० टक्के होता.

करसवलतीची चर्चा आपल्याकडे नेहमी दरावर अडकते. किती टक्के कमी झाला, किती माफ झाला. साक्रीचे प्रकरण नीट उलगडले तर दिसते की कराची गाठ कशाला बांधली आहे, याने जास्त फरक पडतो. यंत्राच्या किमतीला बांधली तर यंत्रे उभी राहतात. युनिटला बांधली तर वीज मिळते. गावाला बांधलीच नाही तर गावाच्या वाट्याला धूळ, रस्त्याचे खड्डे आणि रात्रीचा घुंघुं आवाज येतो. आम्ही हे प्रकरण एका यंत्राच्या हिशेबापासून मांडतो, कारण सगळी गोम तिथेच आहे.

एका पंख्याचा हिशेब

१.२५ मेगावॉटचे एक यंत्र घेऊ. पाया, मनोरा, पाती, जनरेटर, ट्रान्सफॉर्मर मिळून किंमत ६ कोटी रुपये धरू. जमीन वेगळी, कारण जमिनीवर घसारा मिळत नाही. हा आकडा हिशेबापुरता आहे, पण त्या काळच्या मेगावॉटमागच्या खर्चाशी तो जुळतो. घेणारी कंपनी कापड, औषधे, बांधकाम अशा कुठल्याही धंद्यातली, पण भरपूर नफ्यातली. यंत्र मार्च २०११ मध्ये सुरू झाले असे समजू.

२०१०-११ मध्ये अशा कंपनीला ३० टक्के कर, त्यावर ७.५ टक्के अधिभार आणि त्यावर ३ टक्के शिक्षण उपकर होता. एकूण ३३.२२ टक्के. वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापरलेल्या यंत्राला निम्माच घसारा मिळतो, म्हणून ८० ऐवजी ४० टक्के: २ कोटी ४० लाख. तेवढा नफा करातून वगळला जातो आणि ७९.७ लाख रुपये कर वाचतो. पुस्तकी किंमत उरते ३ कोटी ६० लाख. पुढच्या वर्षी त्यावर पूर्ण ८० टक्के, म्हणजे २ कोटी ८८ लाख. २०११-१२ मध्ये अधिभार ५ टक्क्यांवर आला होता, त्यामुळे दर ३२.४४५ टक्के आणि वाचलेला कर ९३.४ लाख. दोन वर्षांचे मिळून १ कोटी ७३ लाख.

बँकेने ७० टक्के कर्ज दिले असेल तर मालकाचे स्वतःचे पैसे गुंतले १ कोटी ८० लाख. म्हणजे तेरा महिन्यांत त्याचे जवळजवळ सगळे पैसे न भरलेल्या कराच्या रूपाने त्याच्याच घरात राहिले. विजेचे पैसे त्याहून वेगळे. महाराष्ट्र वीज नियामक आयोगाच्या नोव्हेंबर २००३ च्या आदेशानंतरच्या काही वर्षांत बसलेल्या यंत्रांना पहिल्या वर्षी युनिटमागे ३ रुपये ५० पैसे आणि पुढे दरवर्षी १५ पैसे वाढ असा तेरा वर्षांचा भाव ठरला होता. तेराव्या वर्षी तो ५ रुपये ३० पैशांवर जातो.

इथे एक गैरसमज बाजूला करायला हवा. सरकारने १ कोटी ७३ लाख दान केले, असा याचा अर्थ नाही. घसारा शेवटी ६ कोटींचाच मिळायचा. वेगवान घसाऱ्याने तो फक्त लवकर मिळतो आणि कर पुढे ढकलला जातो. साधा १५ टक्के घसारा असता तर तोच कर सावकाश वाचला असता. १२ टक्के व्याज धरून दोन्हींची आजची किंमत काढली (पुढे मिळणाऱ्या पैशातून तोवरचे व्याज वजा करून उरते ती), पहिल्या वर्षीच्या निम्म्या घसाऱ्याची भानगड सोडून दिली, तर ८० टक्क्यांत ६ कोटींपैकी सुमारे ८७ टक्के हाती लागतात आणि १५ टक्क्यांत सुमारे ५५.५ टक्के. फरक ३१.४ टक्क्यांचा. ६ कोटी गुणिले ३१.४ टक्के गुणिले कराचा दर ३३.२२ टक्के: सुमारे ६२ लाख ६० हजार. एका यंत्रामागे सरकारी तिजोरीने खरोखर सोडलेली रक्कम ही.

यावर कलम ८०-आयएची सवलत आणखी होती: वीज सुरू झाल्यापासूनच्या पहिल्या १५ वर्षांतली सलग १० वर्षे त्या विजेच्या नफ्यावर कर नाही. (किमान पर्यायी कर तरीही भरावा लागे.) चतुर सल्लागार पहिली काही वर्षे घसारा इतर धंद्याच्या नफ्यातून वळता करून घेत आणि यंत्र पुस्तकात संपले की मग दहा वर्षांची मोजणी सुरू करीत. पहिले वर्ष कोणते धरायचे यावर बरेच खटले झाले. प्रत्यक्ष कर मंडळाने फेब्रुवारी २०१६ च्या परिपत्रकात ती निवड करदात्याची असल्याचे मान्य केले आणि वाद मिटला.

३१ मार्चची घाई

कंपनीला वर्षाच्या नफ्याचा नेमका अंदाज फेब्रुवारीत येतो. आगाऊ कराचा शेवटचा हप्ता १५ मार्चला. त्यामुळे पंख्यांची मागणी जानेवारी ते मार्चमध्ये दाटे. घसारा मिळायला यंत्र त्या वर्षात 'वापरात' आलेले असावे लागते, म्हणजे वीज कंपनीचा यंत्र सुरू केल्याचा दाखला ३१ मार्चपर्यंतच्या तारखेचा हवा. चाचणीपुरते फिरून काही युनिट मीटरवर चढले तरी भागे. करनिर्धारण अधिकारी पुढे दाखला, संयुक्त मीटर वाचन आणि पहिले वीज बिल मागत. पायाचे बांधकाम यंत्रात धरायचे की इमारतीत, हा दुसरा नेहमीचा वाद. इमारतीत धरले तर घसारा एकदम १० टक्क्यांवर येतो. पवनचक्कीचा पाया दुसऱ्या कशाच्याही उपयोगाचा नाही, म्हणून तो यंत्राचाच भाग, असेच बहुतेक निकाल गेले.

करासाठी तारीख गाठली जाई, पण वाऱ्याच्या दृष्टीने मार्चमध्ये पंखा सुरू होण्याला फारसा अर्थ नाही. साक्रीच्या माळावर वर्षाच्या विजेचा मोठा भाग मे ते सप्टेंबरात मिळतो. आणि घाईची किंमत पुढची वीस वर्षे मोजावी लागते. काँक्रीटला पूर्ण ताकद यायला २८ दिवस लागतात. मार्च डोक्यावर असला की पहिली तडजोड तिथे होण्याचा धोका. जागेची निवड त्याहून नाजूक. वाऱ्याच्या मुख्य दिशेला एका पंख्यामागे दुसरा फार जवळ उभा केला तर मागच्याला पुढच्याची 'सावली' लागते, वारा तुटका मिळतो, वीज घटते आणि गिअरबॉक्सवर झटके बसतात. वर्षभराचा वारा मोजून जागा ठरवणे आणि मार्चच्या आत जिथे रस्ता पोहोचतो तिथे पाया खणणे, या दोन वेगळ्या रीती आहेत. तिसरी गोष्ट वाहिनीची. एकाच ३३ केव्ही वाहिनीवर क्षमतेहून जास्त यंत्रे जोडली तर ऐन जुलैत, वारा भरात असताना, वाहिनी तुटते आणि सगळी रांग थांबते.

पावसात थांबलेला पंखा

जूनच्या शेवटी गिअरबॉक्सचा बेअरिंग गेला, असे समजा. यंत्र थांबवावे लागते. ७० मीटरच्या आसपास उंचीवरून काही टनांचा गिअरबॉक्स खाली उतरवायला मोठी क्रेन लागते. माळावरचा रस्ता मुरमाचा. चार पाऊस झाले की काळ्या मातीच्या पट्ट्यात क्रेनची चाके रुततात. ठेकेदार सांगतो, ऑक्टोबरात बघू. म्हणजे वर्षातला बहुतेक वारा वाया गेला. त्यात माणूस नसलेल्या मनोऱ्यातून तांब्याच्या केबलची चोरी हा इकडचा जुना त्रास आहेच. जुन्या बनावटीची स्थिर वेगाची यंत्रे ग्रीडमधून रिअॅक्टिव्ह वीज (चुंबकीय क्षेत्र टिकवणारी, पण प्रत्यक्ष काम न करणारी) ओढतात; त्यांचे कपॅसिटर बिघडले की त्याचा दंड बिलात दिसतो आणि मालकाला तो कशाचा हेच कळत नाही.

शहाणा मालक काय करेल? मार्च संपायच्या आत गिअर तेलाचा नमुना तपासून घेईल, तेलात धातूचा चुरा दिसला तर मेआधी बेअरिंग बदलेल, एखादा सुटा भाग जवळ ठेवेल. पण या मालकाचा धंदा कापडाचा आहे, पंखा त्याने करासाठी घेतला आणि देखभाल यंत्र विकणाऱ्याकडेच कंत्राटाने दिली. पुस्तकी किंमत पाहा: पहिल्या पूर्ण घसाऱ्याचे वर्ष धरले तर ६ कोटींचे वर्षाअखेर १ कोटी २० लाख, मग २४ लाख, मग ४ लाख ८० हजार आणि चौथ्या वर्षाअखेर ९६ हजार. यंत्राचे आयुष्य २० ते २५ वर्षांचे, आणि चौथ्या वर्षी ते वहीत एका मोटारसायकलीएवढे उरते. ज्याने विजेवर जगायचे ठरवले आहे तो मालक जुलैतल्या बंद पंख्यासाठी रात्र जागवतो. ज्याचा मुख्य लाभ तेरा महिन्यांत पदरात पडला आहे, तो ठेकेदाराचे उत्तर मान्य करतो. यात माणसाचा दोष थोडा आणि सवलतीच्या रचनेचा फार आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

युनिटमागे ५० पैसे

हे दुखणे केंद्र सरकारच्या लक्षात आले नव्हते असे नाही. डिसेंबर २००९ मध्ये उत्पादनावर आधारित प्रोत्साहन सुरू झाले: ग्रीडला दिलेल्या प्रत्येक युनिटमागे ५० पैसे, किमान चार आणि जास्तीत जास्त दहा वर्षांत, मेगावॉटमागे ६२ लाखांच्या मर्यादेपर्यंत. पुढे ही मर्यादा १ कोटी झाली. वेगवान घसारा किंवा हे, दोन्ही नाही.

आपलेच यंत्र घेऊ. १.२५ मेगावॉट, वर्षाचे ८,७६० तास, क्षमतेचा २० टक्के वापर: २१ लाख ९० हजार युनिट. ५० पैशांनी वर्षाला १० लाख ९५ हजार. मर्यादा ७७ लाख ५० हजार, ती साधारण सात वर्षांत भरते. त्याच १२ टक्के व्याजाने सात वर्षांच्या या रकमेची आजची किंमत येते सुमारे ५० लाख.

६२ लाख आणि ५० लाख. सरकारच्या दृष्टीने दोन सवलतींत फार मोठे अंतर नाही. पण पंखा अर्धे वर्ष बंद राहिला तर दुसऱ्या सवलतीत मालकाचे पैसे तेवढ्याने घटतात आणि पहिलीत एक रुपयाही कमी होत नाही. म्हणजे थोड्या कमी पैशात सरकार विजेची हमी विकत घेऊ शकत होते. तरीही नफ्यातल्या कंपन्यांनी घसाराच निवडला, कारण तेरा महिन्यांत १ कोटी ७३ लाख रोख वापरायला मिळणे आणि सात वर्षे थोडेथोडे मिळणे यांत व्यापारी काय निवडणार ते उघड आहे. प्रोत्साहन त्यांच्या उपयोगाचे होते ज्यांच्याकडे वळता करायला दुसरा नफाच नव्हता: स्वतंत्र वीज कंपन्या आणि परदेशी भांडवल. जिथे दोन पर्याय शेजारी ठेवले जातात तिथे वाईट पर्याय आधी बंद करावा लागतो.

तो बंद केला गेला, पण ज्या रीतीने केला गेला त्याने दुसरेच नुकसान झाले. ३१ मार्च २०१२ ला ८० टक्के घसारा थांबला, दर १५ टक्के झाला. त्याच दिवशी उत्पादनाच्या प्रोत्साहनाचीही मुदत संपली. देशात २०११-१२ मध्ये सुमारे ३,२०० मेगावॉट पवनक्षमता वाढली होती. २०१२-१३ मध्ये ती सुमारे १,७०० वर आली. प्रोत्साहन २०१३ मध्ये परतले, ८० टक्के घसारा एप्रिल २०१४ पासून परतला आणि १ एप्रिल २०१७ पासून त्याला ४० टक्क्यांची मर्यादा पडली. त्याच सुमारास, फेब्रुवारी २०१७ च्या पहिल्या केंद्रीय लिलावात पवनविजेचा भाव युनिटला ३ रुपये ४६ पैशांवर आला आणि वर्षअखेरीस एका राज्याच्या लिलावात २ रुपये ४३ पैशांपर्यंत उतरला. २०१६-१७ मध्ये सुमारे ५,५०० मेगावॉट वाढ झाली होती, पुढच्या वर्षी १,८०० च्या आसपास. पाती ओतणारा कारखाना, क्रेनवाला, मनोऱ्याचे लोखंड वाकवणारा वेल्डर, या सगळ्यांना अशा उड्या झेपत नाहीत. दर दरवर्षी थोडा उतरवण्याचे वेळापत्रक पाच वर्षे आधी जाहीर केले असते तर हे टळले असते.

लिलावाने पंखे लावणारा माणूस मात्र बदलला. आता युनिट विकूनच पैसे सुटतात, त्यामुळे नवे मालक वाऱ्याची मोजणी काटेकोर करतात. पण तेच मालक जास्त वाऱ्याच्या गुजरात आणि तमिळनाडूकडे वळले, आणि साक्रीच्या कडांवर २००५ च्या आगेमागे बसलेली यंत्रे तशीच फिरत राहिली.

नमुना ८ मधली नोंद

आता गावाकडे येऊ. कोळशाची खाण असलेल्या जिल्ह्याला २०१५ च्या खाणकाम कायद्यातल्या दुरुस्तीनंतर जिल्हा खनिज प्रतिष्ठानात पैसा येतो: लिलावाने दिलेल्या खाणीच्या स्वामित्वधनाच्या (रॉयल्टीच्या) १० टक्के, जुन्या पट्ट्यांत ३० टक्के. जलविद्युत प्रकल्पाच्या राज्याला १२ टक्के मोफत वीज मिळते आणि २००८ च्या धोरणाने स्थानिक विकासासाठी आणखी १ टक्का. वाऱ्याला स्वामित्वधन नाही. साक्रीचा पश्चिम भाग अनुसूचित क्षेत्रात येतो, भिल्ल आणि कोकणा वस्ती, बराचसा डोंगर वनखात्याचा. वनजमीन वळवताना जे निव्वळ वर्तमान मूल्य, म्हणजे गेलेल्या जंगलाची भरपाई, वसूल होते ते राज्य आणि केंद्राच्या भरपाई वनीकरण निधीत जाते. ज्या पाड्याची गुरे त्या कडेवर चरत होती त्याच्या हातात नाही.

ग्रामपंचायतीकडे उरतो महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम १९५८ च्या कलम १२४ खालचा इमारत व जमीन कर. कागदावर तो पुरेसा भक्कम आहे, व्यवहारात पुढच्या ठिकाणी अडखळतो. पंख्याची नमुना ८ मध्ये, म्हणजे आकारणी नोंदवहीत, नोंदच नसते, कारण जागा गावठाणाबाहेर आणि ग्रामसेवक शेवटची मोजणी करताना तिथवर गेलेला नसतो. नोंद असली तर ती यंत्र उभारणाऱ्या कंपनीच्या नावाने असते. खरे मालक पन्नास, पत्ते मुंबई, पुणे, चेन्नईचे. नमुना ९ मधली मागणीची बिले टपालाने परत येतात. शिवाय मालकाचा वकील विचारतो की मनोऱ्यावर बसवलेले यंत्र इमारत कशी.

या शेवटच्या प्रश्नाला आता आधार आहे. सर्वोच्च न्यायालयाने १६ डिसेंबर २०१६ च्या निकालात मोबाईल मनोऱ्यांना मालमत्ता करासाठी इमारत मानण्याचा राज्यांचा अधिकार मान्य केला. पवनचक्कीच्या पाया-मनोऱ्याबाबत ग्रामपंचायतीने त्याच तर्काने मांडणी करावी. पण आधी घरचे काम: प्रत्येक पंख्याला क्रमांक, गट नंबर, मनोऱ्यावर रंगवलेला कंपनीचा क्रमांक, वीज खरेदी करारातले मालकाचे नाव. ही यादी महावितरणच्या मंडळ कार्यालयाकडून माहिती अधिकारात मागता येते. आकारणी यादी दर चार वर्षांनी फिरते, तेव्हा ही नोंद त्या फेरीतच घालावी. मधेच घातलेली नोंद हरकतीत टिकवणे जड जाते. पन्नास मालकांमागे धावायचे नसेल तर कलम १२५ चा रस्ता आहे: कारखान्यांकडून करांऐवजी ठोक रक्कम घेण्याचा करार. तो लागू करून घेता आला तर देखभाल करणारी कंपनी सगळ्यांच्या वतीने एकच धनादेश देते. मात्र ठोक रकमेत दरवर्षीची वाढ लिहून घ्यावी. ती नसली की दहा वर्षांनी तोच आकडा चहापाण्याचा होतो.

विजेच्या युनिटवर गावाने किंवा राज्याने थेट उत्पादन कर लावावा, असा आग्रह कधी कधी होतो. तो कायद्यात बसत नाही. राज्यघटनेत राज्याला विजेच्या वापरावर किंवा विक्रीवर कर लावता येतो, निर्मितीवर नाही, आणि केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये राज्यांना हे पुन्हा कळवले. त्यामुळे युनिटमागचा गावाचा वाटा करारातूनच यायला हवा.

दीपनगरचा कोळसा

साक्रीचा पंखा आणि भुसावळजवळच्या दीपनगरची चिमणी एकाच ग्रीडला जोडलेल्या आहेत, म्हणून कोळशाचा कर या प्रकरणातच येतो. जुलै २०१० पासून कोळशावर टनाला ५० रुपये स्वच्छ ऊर्जा उपकर लागला. २०१४ मध्ये १००, २०१५ मध्ये २००, २०१६ मध्ये ४०० रुपये. युनिटमागे साधारण ६५० ग्रॅम कोळसा धरला तर ४०० रुपयांचा भार येतो युनिटला २६ पैसे. त्या पैशाने राष्ट्रीय स्वच्छ ऊर्जा निधी भरायचा होता. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि हा उपकर राज्यांच्या भरपाईकडे वळला. कोळशावर भार राहिला, ऊर्जेशी असलेले नाते तुटले.

२२ सप्टेंबर २०२५ पासून कोळशावरचा भरपाई उपकर गेला आणि जीएसटी ५ वरून १८ टक्के झाला. दिसायला हा मोठा वाढीव कर. हिशेब करून पाहा. टनाला २,००० रुपयांच्या कोळशावर आधी १०० अधिक ४००, म्हणजे ५०० रुपये, आता ३६०. ४,००० रुपयांच्या कोळशावर आधी ६००, आता ७२०. सुमारे ३,०७७ रुपयांच्या खाली कर घटला, वर वाढला. वीज जीएसटीबाहेर असल्याने वीज केंद्राला या कराची वजावट मिळत नाही, तो थेट खर्चात जातो. स्वस्त कोळसा बहुधा जास्त राखेचा असतो. टनावरचा कर अशा कोळशाला युनिटमागे जास्त टोचत होता, किमतीवरचा कर त्यालाच मोकळीक देतो. राखेचे ढीग ज्यांच्या उशाशी आहेत त्या गावांच्या दृष्टीने ही गाठ उलटी बांधली गेली. त्याच तारखेला पवनचक्कीच्या भागांवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झाला, हे मात्र चांगले झाले.

जुने पंखे उतरवताना

डिसेंबर २०२३ च्या राष्ट्रीय धोरणाने २ मेगावॉटपेक्षा लहान जुनी यंत्रे काढून त्या जागी मोठी बसवण्याला वाट दिली आहे. साक्रीच्या सर्वांत चांगल्या वाऱ्याच्या कडा जुन्या यंत्रांनी अडवलेल्या आहेत. ६६ मीटर व्यासाच्या पात्यांचे क्षेत्र सुमारे ३,४२० चौरस मीटर. १४० मीटर व्यासाचे सुमारे १५,४००. साडेचारपट वारा कापला जातो. अडचण घाटात आहे: जुन्या पात्यांसाठी केलेल्या वळणांवर ६८ मीटरचे पाते फिरत नाही, रस्ता आधी रुंद करावा लागतो.

कराचीही एक अडचण आहे, आणि ती फारशी कोणी बोलत नाही. जुने यंत्र पुस्तकात शून्याला टेकलेले. ते भंगारात ४० लाखांना विकले असे धरा. त्याच आर्थिक वर्षात नवे यंत्र त्याच गटात (एकाच घसारा-दराच्या यंत्रांच्या एकत्रित हिशेबात) आले तर ४० लाख नव्याच्या किमतीतून वजा होतात, लगेच कर नाही. आले नाही, आणि गटात दुसरे काही शिल्लक नसेल, तर आयकर कायद्याप्रमाणे सगळे ४० लाख अल्पमुदतीचा भांडवली नफा, कंपन्यांसाठीच्या सध्याच्या सवलतीच्या २५.१७ टक्के दराने १० लाख कर. आता वाऱ्याचे वेळापत्रक पाहा. हंगाम सप्टेंबरात संपतो, जुने यंत्र ऑक्टोबरात उतरवायचे, नवे पुढच्या मेआधी उभे करायचे. मध्ये ३१ मार्च येतो. पुन्हा तीच घाई, तेच २८ दिवसांचे काँक्रीट. भंगाराची रक्कम नव्या यंत्रात गुंतवायला २४ महिन्यांची मुदत दिली तर हा ताण जातो आणि तिजोरीला फक्त दोन वर्षांच्या व्याजाचा फटका बसतो.

नव्या यंत्रांवरचा ४० टक्के घसारा ठेवायचा असेल तर तो दोन भागांत द्यावा असे आम्हाला वाटते: १५ टक्के सगळ्यांना, उरलेला त्या वर्षी मे ते सप्टेंबरातल्या युनिटच्या प्रमाणात. मीटर प्रत्येक यंत्राला आहेच, नवी यंत्रणा लागत नाही.

आणि गावाने जुना पंखा उतरण्याआधी, रस्ता रुंद करायला ग्रामपंचायतीचा ठराव लागतो त्याच वेळी, करार करावा. ३ मेगावॉटचे यंत्र क्षमतेच्या ३० टक्के चालले तर वर्षाला ७८ लाख ८४ हजार युनिट. ५ पैशांनी ३ लाख ९४ हजार रुपये. दहा यंत्रे असलेल्या गावाला ३९ लाख. जुना पाया जमिनीखाली किमान एक मीटरपर्यंत फोडून माती टाकण्याची अनामत वेगळी, कारण मालक बदलला की शेकडो टन काँक्रीट शेतकऱ्याच्या बांधावर राहते. काचतंतूची जुनी पाती गायरानात टाकायची नाहीत, हेही त्याच कागदावर लिहून घ्यावे. गावाचा हप्ता ऑक्टोबरात ठरवावा: हंगामाचे मीटर वाचन तोवर झालेले असते, आणि तेव्हा आलेला पैसा पाझर तलावातला गाळ काढायला, पाणी आटल्यावर, मार्च-एप्रिलात वेळेवर उपयोगी पडतो.